बिलाच्या दिवशी चढलेला आकडा

महिन्याची 11 तारीख. दूध संकलनाच्या आमच्या ॲपचा वापर त्या सकाळी एकदम चढला. ‘रोज ॲप उघडणारे उत्पादक’ हेच आमचं उद्दिष्ट, त्यामुळे ऑफिसात सगळे खूश. मी तेव्हा एका डेअरीवर बसले होते. तिथं लोक ॲप पुन्हा पुन्हा उघडत होते ते पैसे कमी का आले हे कळेना म्हणून.

दुधाचं बिल दहा दिवसांचं. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल वळती होते. आमच्या स्क्रीनवर मात्र ‘एकूण कपात’ असा एकच आकडा. मग माणूस फॅटचं पान बघतो, परत बिलावर येतो, शेवटी किटली खाली ठेवून डेअरीच्या सचिवालाच विचारतो. म्हणजे एका न सुटलेल्या शंकेपोटी आमच्याकडे ॲप चारदा उघडल्याची नोंद! आणि दूध घालायला आलेल्या कित्येक बायकांचा फोन घरी, नवऱ्याकडे. त्या तर आमच्या मोजणीतच नव्हत्या.

उद्दिष्ट तिथंच वहीत नव्यानं लिहिलं: ‘बिल हातात आल्यावर दूध घालणाऱ्याला, कुणाला न विचारता, अर्ध्या मिनिटात सांगता यावं की किती लिटरचे किती झाले आणि कशापोटी किती कापले.’ वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 9241-11, तेही आधी हेच विचारतं: वापरणारा कोण, त्याला काय साधायचंय, कुठल्या परिस्थितीत. वाक्यात ‘ॲप’ हा शब्द मुद्दाम नाही. तो आला की छापील पावती सुधारायचं कुणाला सुचतच नाही.

मोजायचं कसं? खरं बिल पुढे ठेवायचं, ‘खाद्याचे किती कापले?’ विचारायचं, घड्याळ लावायचं. ‘कळलं का?’ विचारू नये. सगळे ‘हो’ म्हणतात.

कपातीखाली तारीख आणि पोत्यांची संख्या आल्यावर उत्तरं पटापट येऊ लागली. एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानातच नव्हती. 21 तारखेपासूनचं बिल कधी 11 दिवसांचं, फेब्रुवारीत 8 किंवा 9 दिवसांचं. लोक ते मागच्या बिलाशी ताडून बघतात आणि गोंधळतात. आता दिवसांची संख्या रकमेच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत आहे.

पुढच्या 11 तारखेला ॲप उघडण्याचा आकडा खाली आला. नुसत्या त्यावर खूश होण्यात अर्थ नव्हता. लोकांनी कंटाळून ॲपचा नाद सोडला तरी तो खालीच येतो. म्हणून सचिवाच्या टेबलापुढची रांग बघायला पुन्हा डेअरी गाठली. ती साडेआठच्या आत संपली होती.