फॅट वाढलं म्हणून मी खूश होतो

आमचा गोठा वाळवा तालुक्यात. पाच एचएफ (होल्स्टीन) गाई. त्यातली चांदी श्रावणात तिसऱ्यांदा व्याली, आठवडाभर बावीस लिटरवर राहिली आणि मग एकदम तेरावर आली. डेअरीत फॅट मात्र ३.७ वरून ५.१ लागलं, म्हणून मी खूश. पेंडीला तोंड लावत नव्हती, कडबा तेवढा चघळायची. पावसाळी हवा, पोट जड झालं असेल म्हणून दोन दिवस पाचक पावडर गुळातून चारली.

तिसऱ्या दिवशी शेण काढताना आई तिच्या तोंडाशी थांबली. "आरं, हिच्या तोंडाला गोडसर वास येतोय की."

मी नाकपुडीशी नाक नेलं. नुसता मुरघासाचा वास. वहिनी म्हणाली, "नेलपॉलिश पुसायचं पाणी नसतं का, तस्सा." मला तसलं काहीच येईना, तेव्हा ह्या दोघींचाच भ्रम, असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. म्हणाले, "दादा, मलाही तो वास कळत नाही. बऱ्याच जणांना कळत नाही, म्हणून मी नाकावर जातच नाही." शेपटीखाली चोळत राहून त्यांनी गाईला मुतायला लावलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर चिमूटभर पावडर, वर दोन थेंब. बघता बघता कृष्णाकाठच्या वांग्यासारखा जांभळा रंग. मग रक्तातल्या किटोनची पट्टी: ३.४. १.२ च्या पुढं गेलं की किटोसिस, म्हणजे किटोन वाढायचा आजार, धरतात.

दूध जास्त, पोटात खुराक कमी, म्हणून गाय अंगावरची चरबी विरघळवते. ती लिव्हरमध्ये साठते. लिव्हरला तिचा निपटारा होत नाही, तेव्हा किटोन तयार होतात. त्यातलं अ‍ॅसिटोन हलकं, उडून जाणारं, ते श्वासातून बाहेर पडतं. माझं वाढलेलं फॅटही त्याच चरबीचं. चरबी चढवलेली मीच. भाकड काळात पेंड हात सैल सोडून घातली होती, पाठ कशी गुळगुळीत दिसायची!

लिव्हर किती दुखावलंय हे मात्र वासावरून सांगता येत नाही, त्यासाठी रक्तातलं एएसटी नावाचं एन्झाइम बघावं लागतं, असं ते म्हणाले. रक्त पाठवलं, वाढलेलंच आलं. श्वासावरून लिव्हर कळतं का, ते रात्री मोबाईलवर वाचत बसलो. १९७४ साली कार्बन टेट्राक्लोराईडनं लिव्हर बिघडवलेल्या उंदरांच्या श्वासात इथेन वायू सापडला होता. आणि हेच रसायन एके काळी मेंढ्यांना लिव्हरमधल्या चपट्या जंतांवर औषध म्हणून पाजत!

शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं आणि पाच दिवस प्रोपिलीन ग्लायकॉल पाजलं. पाजायचं काम जिकिरीचं. मान जास्त वर केली की औषध फुफ्फुसात जायची भीती. भाऊ शिंगं धरायचा, मी गालातून बाटली. चौथ्या दिवशी तिनं पेंडीचं घमेलं चाटून पुसून ठेवलं. पंधरवड्यात एकोणीस लिटर झालं, बावीसवर काही गेली नाही.

परवा दुसरी गाय आटवली. पेंडीचं पोतं आईनं स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलंय.