स्टेशनवरच्या गर्दीत हरवलेली पॉलेट

आज दुपारी घरात एकटीच होते. रने क्लेमांचा १९५२ सालचा फ्रेंच चित्रपट ‘फॉरबिडन गेम्स’ लावला. रात्र झाली, तरी डोक्यातून जात नाहीये.

जून १९४०. पॅरिस सोडून निघालेल्या माणसांच्या लोंढ्यावर जर्मन विमानं गोळ्या झाडतात आणि पाच वर्षांच्या पॉलेटचे आईबाबा पुलावरच जातात. ती आईच्या गालाला हात लावते. मग तोच हात स्वतःच्या गालाला लावून बघते. मी तिथेच पॉज केलं. उठून पाणी प्यायले, मग पुढचं बघितलं.

नंतर ती एका शेतकऱ्याच्या घरी राहते. त्यांचा धाकटा मिशेल आणि ती पडक्या गिरणीत तिच्या मेलेल्या कुत्र्याला पुरतात. त्याला एकटं वाटू नये म्हणून शेजारी एक चिचुंद्रीसारखा प्राणी पुरतात, मग आणखी किडे, पिल्लं. आणि या थडग्यांसाठी मिशेल चक्क दफनभूमीतले क्रूस चोरतो! मोठी माणसं मात्र शेजाऱ्यावर आळ घेऊन तिथेच मारामारी करतात. मला त्या पोरांचा एकदाही राग आला नाही.

पॉलेट झालेली ब्रिजित फोसे तेव्हा खरोखरच एवढीशी होती. नार्सिसो येपेसची एकटी गिटार तर अजून कानात आहे.

शेवटी स्टेशनवर ती ‘मिशेल, मिशेल’ करत धावते आणि मध्येच ‘आई’ म्हणते.

संध्याकाळी लेकीला आणायला गेले. गर्दीतून तिची हाक आली, ‘आई!’ तिला उचलून घेतलं, घर येईपर्यंत खाली ठेवलंच नाही.