अडचण माझी, पण कारण कुठलं?

१ लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कौशल्य, स्वभाव, संधी बघावी. पण ५ कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर एकेकाच्या स्वभावात सापडणार नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये दिलेलं हे उदाहरण मला आजही सर्वांत नेमकं वाटतं.

स्वतःच्या प्रश्नाकडे असं बघायचं तर नुसती संख्या नको, दर काढा: शंभरात किती जणांना हा त्रास आहे? मग तो वय, लिंग, उत्पन्न, व्यवसाय यांनुसार फोडा. एखाद्या गटात तो ठळकपणे जास्त दिसला, तर त्यांच्या कामाच्या वेळा, लागू असलेले कायदे, घरकामाची वाटणी तपासा. तुलनेसाठी जुना दरही हवाच. लाखो लोकांचे स्वभाव दोन वर्षांत एकदम बदलत नाहीत. नियम आणि बाजार बदलतात.

इथे एक चूक हमखास होते. गटाचा दर व्यक्तीला चिकटवला जातो. बेकारी जास्त असलेल्या भागात गुन्हे जास्त, म्हणून बेकार माणसंच गुन्हे करतात, हा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. गुन्हा कोणी केला, हे त्यांत नोंदलेलंच नसतं.