दिल्ली दरवाजाचे खिळे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीने मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवले आणि दिवाळीच्या किल्ल्याची माती गेली. सातवीतल्या भाच्याने लगेच तोडगा काढला: यंदा शनिवारवाडा, आणि तोही लेगोचा! पण विटा विकत आणायच्या तर आधी नेमक्या किती लागतील ते कळायला हवं. म्हणून माझ्या लॅपटॉपवर लिओकॅड टाकलं, म्हणजे पडद्यावरच लेगो जोडायचा प्रोग्राम. ते फुकट आहे, मग पुढचा विचार करायची गरजच नव्हती.

शनिवारवाड्यात एक सोय होती. १८२८च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं जळालं, उरले तट, बुरूज आणि दरवाजे. त्यामुळे आत काही बांधायचंच नव्हतं. बाणाची कळ दाबली की वीट एक बटण सरकते (विटेवरच्या गोल उंचवट्याला आमच्या घरी बटण म्हणतात). तट दोन संध्याकाळींत उभा राहिला. रखडलो ते दिल्ली दरवाजावर. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत, आणि भाच्याला ते हवेच होते.

खिळा म्हणून १×१चा छोटा शंकू घेतला. तो बसवायला बाजूला एक बटण असलेली १×१ वीट मिळते. शंकू आडवा केला, माऊसने ओढून त्या बटणावर ठेवला. समोरून बघितलं तर चपखल! भाच्याने कॅमेरा फिरवला आणि म्हणाला, "आत्या, हा हवेत तरंगतोय." सपाट पडद्यावर माऊसने ओढताना तुकडा किती पुढेमागे गेला, ते समोरून कळतच नाही. शिवाय त्याची उडी ठरलेल्या मापाची. मला हवी ती जागा कायम दोन उड्यांच्या मध्ये यायची. अख्खा रविवार यात गेला.

शेवटी माऊस सोडून आकडे धरले. लिओकॅड एलड्रॉ नावाच्या पद्धतीतला लेगो तुकड्यांचा साठा वापरतं. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत विटेची रुंदी २० एकक, उंची २४ आणि पातळ प्लेटची उंची ८. एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. आता हिशोब सोपा. बाजूचं बटण विटेच्या वरच्या कडेपासून १० एकक खाली असतं. शंकूची जागा त्याच्या टोकाकडून मोजतात, म्हणून विटेच्या मध्यापासून १० पुढे आले की तिचा दर्शनी भाग लागतो आणि तिथून शंकूची उंची २४, म्हणजे एकूण ३४. खाली १०, पुढे ३४. आठ-आठच्या उडीने १० येत नाही, दहा-दहाच्या उडीने ३४ येत नाही. रविवार कुठे गेला ते कळलं! बाजूच्या खिडकीत थेट आकडे टाकले आणि शंकू जागच्या जागी बसला.

भाच्याला फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. एक ओळ म्हणजे एक तुकडा: रंगाचा क्रमांक, जागेचे तीन आकडे, वळणाचे नऊ आणि शेवटी तुकड्याचं नाव. त्यात वीट वर चढवली की आकडा वजा २४ होतो, कारण फाईलमध्ये खालची दिशा अधिक धरतात. हे भाच्याला माझ्याआधी समजलं.

मग एका फळीवर सहा खिळ्यांची ओळ, तिची नक्कल २४ वर, अशा चार ओळी. दोन फळ्यांचे मिळून ४८. दिंडी दरवाजासाठी प्लेटा आडव्या लावल्या. पाच प्लेटांची जाडी ४०, म्हणजे बरोबर दोन बटणं, तिथे काही अडलं नाही.

ऑर्डरसाठी तुकड्यांची यादी काढली तर शंकू ५१. चारदा मोजले, दारावर ४८च. तुकडे एकमेकांत घुसले तरी लिओकॅड हूं की चूं करत नाही, हे तेव्हा आठवलं. नुसत्या रेषांचं चित्र लावलं आणि तीन चोर सापडले. पहिल्या दिवशी मी शंकू उलट्या बाजूला वळवले होते, ते विटांच्या आत गडप होऊन बसले होते, टोकं वाड्याच्या आतल्या बाजूला.

"आत्या, हे कोणासाठी गं?" भाच्याने विचारलं. "पेशव्यांसाठी?"