फुली म्हणजे काय?

केसपेपरवर प्रश्न एका ओळीचा होता: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूचा कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग झिजत जाणारा आजार) आहे, पण वर्तन बिघडवणारा प्रकार की शब्दार्थाचा, म्हणजे शब्दांचे अर्थ पुसणारा? बाईंचं वय 61. मुलगी म्हणाली, "आई रोज तेच जेवण मागते, कुणाशीही काहीही बोलते." हे ऐकलं की वर्तनाचा प्रकारच आधी डोक्यात येतो.

त्या प्रकारात सेलियन्स नेटवर्क, म्हणजे महत्त्वाचं काय ते हेरणारं मेंदूतलं जाळं, ढिलं पडतं. इन्शुलाचा पुढचा भाग आणि अँटिरिअर सिंग्युलेट या मेंदूतल्या दोन भागांचे सिग्नल एकाच लयीत वरखाली व्हायला हवेत, ते होत नाहीत. डिफॉल्ट मोडची (माणूस स्वस्थ असताना जागं असणाऱ्या जाळ्याची) जोडणी मात्र घट्ट झालेली दिसते. अल्झायमरमध्ये चित्र नेमकं उलटं असतं, हे न्यूरॉलॉजिस्ट विल्यम सीली यांच्या गटाने 2010 साली दाखवलं. शब्दार्थाच्या प्रकारात घाव बसतो तो बहुधा डाव्या टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या भागाच्या) टोकावर, आणि तिथून कपाळामागे जाणाऱ्या अन्सिनेट तंतूंवर. तिसरा, बोलणं अडखळणारा प्रकार इथे नव्हताच. काकू सलग, व्याकरणशुद्ध बोलत होत्या.

रेस्टिंग एफएमआरआय (स्वस्थ पडून असताना मेंदूच्या भागांचे सिग्नल टिपणारं स्कॅन) लावलं: 3 टेस्ला मशीन, दर दोन सेकंदांना एक चित्र, आठ मिनिटांत 240. इंटरकॉमवरून सूचना दिली, "काकू, समोरच्या फुलीकडे बघत राहा." पहिल्याच फेरीत डोकं इतकं हललं की 71 चित्रांत सरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली. ती आणि त्यांच्या शेजारची काढल्यावर उरली 138, म्हणजे पाच मिनिटांचाही डेटा नाही. न गाळता काढलेल्या नकाशात सेलियन्स नेटवर्क अगदी पुस्तकातल्यासारखं फिकं होतं! पण डोकं हललं की लांबच्या जोडण्या खोट्याच कमी दिसतात आणि जवळच्या वाढतात. हा नकाशा मानला असता तर उत्तर चुकलं असतं.

बाहेर आल्यावर काकूंनी शांतपणे विचारलं, "फुली म्हणजे काय?"

स्कॅन चालू असताना काकू खिडकीतून फुली शोधत होत्या. शब्द ऐकू आला होता, त्यामागचा अर्थ गेला होता. टेबलावर लिंबू ठेवलं. त्यांनी वास घेतला, दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे खातात का?" वाचायला दिलं ते मात्र घडाघडा वाचलं. इंग्रजीत अनियमित स्पेलिंगचे शब्द वाचायला देऊन हा प्रकार पकडता येतो. देवनागरीत बहुतेक सगळं लिहिल्यासारखंच वाचलं जातं, त्यामुळे आपल्याकडे अर्थच विचारावा लागतो.

मग कागदावर फुली काढून दाखवली, कानांपाशी स्पंजचे तुकडे घट्ट बसवले. दुसऱ्या फेरीत फक्त नऊ चित्रं गाळावी लागली. इन्शुला-सिंग्युलेट जोडणी आमच्या त्याच वयाच्या निरोगी लोकांइतकीच निघाली.

टेम्पोरल टोकाची जोडणी जवळपास शून्य. इथेही घाई नको. कच्ची चित्रं उघडली तर ते टोक दोन्ही बाजूंना काळं. सायनस आणि कानाच्या हाडातली हवा चुंबकीय क्षेत्र बिघडवते आणि 30 मिलिसेकंदांच्या एकोला (सिग्नल टिपण्याच्या क्षणाला) तिथला सिग्नल उडून जातो. निरोगी लोकांतही तो उडालेलाच होता. उलट्या दिशेने घेतलेल्या चित्राने वाकडेपणा सुधारतो, गेलेला सिग्नल परत येत नाही. तिसरी फेरी मल्टी-एकोने, म्हणजे दर वेळी अनेक क्षणांना सिग्नल टिपून, घेतली, पहिला एको 13 मिलिसेकंदांना. आता उजवं टोक उजळलं. डाव्याची जोडणी तरीही क्षीणच राहिली.

पण टी-वन (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) चित्रात डाव्या टोकाच्या वळ्या सुरीच्या धारेसारख्या पातळ झाल्या होत्या. ऊतकच झिजलं की तिथल्या सिग्नलमध्ये पाण्याचा वाटा वाढतो. जोडणी किती तुटली आणि ऊतक किती गेलं, हे एका रुग्णात वेगळं काढता येत नाही. डिफ्यूजनमध्ये (तंतूंची स्थिती दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) डावे अन्सिनेट तंतू उजव्यापेक्षा स्पष्ट खालावलेले होते, तेवढा आधार मिळाला. जेवणाचा हट्ट शब्दार्थाच्या प्रकारातही असतो, रोग उजव्या बाजूला सरकू लागला की जास्तच.

रिपोर्टमध्ये शब्दार्थाचा प्रकार लिहिला तो टी-वन आणि शब्दचाचणीच्या बळावर. या प्रकाराच्या निदानाच्या 2011 च्या निकषांत टेम्पोरल टोकाची झीज किंवा पेट-स्पेक्टमधली घट मोजली जाते, रेस्टिंग एफएमआरआय नाही. जोडणीचा नकाशा पुरवणी म्हणून जोडला, तोही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा. आणि कंट्रोल रूममध्ये आता फुली काढलेला एक पुठ्ठा टांगलेला असतो.