रोज रात्री बंद करत होते, पण रीस्टार्ट एकदाही केलं नव्हतं

बार्शी तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, शाळेचे फॉर्म, आणि नोव्हेंबर आला की पेन्शनरांचे हयातीचे दाखले. ऐंशीच्या पुढच्यांना केंद्र सरकारच्या पेन्शनसाठी ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण बाकी सगळे एक नोव्हेंबरनंतर येतात. नेमका त्याच महिन्यात माझा कॉम्प्युटर बसला. बंद पडला असता तर परवडलं असतं. तो चालू होता आणि काहीच करत नव्हता.

मशीन जुनं आहे, ४ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) आणि साधी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबलं की काम करण्याजोगा व्हायला बारा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलंय. समोर एक निवृत्त गुरुजी बसलेले, वय ७८. त्यांच्या बोटांवरच्या रेषा आधीच पुसट, म्हणून अंगठा ओल्या फडक्यानं पुसून ठसा घेणाऱ्या मशीनवर ठेवायला सांगितलेला. गुरुजींनी तो ठेवला आणि स्क्रीनवर निळं वर्तुळ फिरत राहिलं. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. पुन्हा ओटीपी, पुन्हा अंगठा, पुन्हा वर्तुळ. चौथ्या वेळी गुरुजी म्हणाले, "बाई, मी उद्या येतो, तुमची धावपळ होतेय." ते सात किलोमीटरवरून एसटीनं आले होते. ते वाक्य मला आजही टोचतं.

त्याआधी मी मशीन सोलापूरला एका सर्व्हिस सेंटरला देऊन आणलं होतं. सहा दिवस ठेवलं, बाराशे रुपये घेतले, "मॅडम, स्पीड वाढवून दिलाय" म्हणाले. परत आणल्यावर ते आधीपेक्षा हळू झालं. त्यांनी नेमकं काय केलं ते मला नंतर कळलं आणि माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी मला न विचारता त्यात एक 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. नाव लिहीत नाही. अशी सॉफ्टवेअर बरीच आहेत आणि सगळ्यांची तऱ्हा एकच.

पुण्याला माझा भाचा नोकरी करतो. त्याला फोन केला. त्यानं सांगितलं, "मावशी, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब." टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. खाली 'अधिक माहिती' असं येतं, ते दाबलं की खरी यादी दिसते. डिस्कच्या खाली लाल रंगात १०० टक्के. रॅम २.९ जीबी वापरात, आणि मी अजून एकही प्रोग्रॅम उघडलेला नव्हता.

इथं एक गोष्ट समजून घेतली, ती सांगते. डिस्क १०० टक्के म्हणजे ती भरली असं नाही, ती सतत कामात आहे. माझी डिस्क १०० टक्के होती आणि वेग होता सेकंदाला जेमतेम २ एमबी. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखा भाग इकडून तिकडे सरकतो. पाच प्रोग्रॅमनी पाच ठिकाणचं मागितलं की तिचा सगळा वेळ सरकण्यातच जातो. रॅम भरत आली की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर उतरवून ठेवतं, म्हणजे त्याच डिस्कवर आणखी ओझं. म्हणून मागे चालणारा एकेक प्रोग्रॅम कमी केला की फरक दुहेरी पडतो.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप'ची यादी असते, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची. तिथलं काम अर्ध्या तासात झालं. व्हॉट्सअ‍ॅप, मीटिंगचं अ‍ॅप, प्रिंटरची शाई दाखवणारा प्रोग्रॅम, कुठल्यातरी जुन्या मोबाइलचं सॉफ्टवेअर, असे नऊ प्रोग्रॅम मी डिसेबल केले. डिसेबल म्हणजे ते काढून टाकलेले नाहीत, फक्त आपोआप सुरू होत नाहीत. प्रिंटर नंतरही छान चालतोय.

आता जिथं माझे चार दिवस गेले ते.

ते स्पीडवालं सॉफ्टवेअर मी स्टार्टअपमधून डिसेबल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुन्हा इनेबल. पुन्हा डिसेबल केलं, तिसऱ्या दिवशी तेच. मग टास्क मॅनेजरमध्ये त्यावर 'एंड टास्क' दाबलं. नाव गेलं. मी मनात तीनपर्यंत मोजलं असेल, नाव परत आलं. सात-आठ वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच. समोर चार माणसं बाकावर बसलेली आणि मी एका ओळीशी झुंजतेय. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

भाच्यानं रात्री कारण सांगितलं. स्टार्टअपच्या यादीत सगळं दिसत नाही. प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याचे आणखी दोन दरवाजे आहेत, एक सर्व्हिसेस, म्हणजे मागे न दिसता चालणारी कामं, आणि दुसरा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा. स्टार्ट मेनूत सर्व्हिसेस असं टाइप केलं की मोठी यादी उघडते. त्यात आमच्या पाहुण्याचं नाव होतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिकव्हरी' नावाचा भाग आहे, तिथं लिहिलेलं, पहिल्यांदा बंद पडली तर पुन्हा सुरू करा, दुसऱ्यांदा पडली तरी सुरू करा, त्यानंतरही सुरू करा. म्हणजे मी पुढून हाकलत होते आणि मागून ही सर्व्हिस त्याला घरात घेत होती. 'स्टॉप'चं बटण फिकं, दाबताच येईना. मग स्टार्टअप टाइप डिसेबल्ड केला, कंट्रोल पॅनेलमधून सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं. अनइन्स्टॉल करतानाही त्यानं मध्ये तीन खिडक्या उघडल्या, निम्म्या किमतीत देतो म्हणून. शेवटी आलं, काही फायली पुढच्या रीस्टार्टच्या वेळी निघतील. मी कॉम्प्युटर नीट शटडाउन केला, दिवा मालवला, घरी गेले.

सकाळी ते सॉफ्टवेअर पुन्हा चालू होतं. डिस्क १०० टक्के.

मी भाच्याला ऑफिसच्या वेळेत फोन केला.

"रीस्टार्ट केलंस का?"

"अरे, रात्री बंद करून गेले होते. रोजच करते."

"बंद नाही गं, रीस्टार्ट. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघड, सीपीयूवर क्लिक कर, खाली 'अप टाइम' काय दिसतंय?"

आकडा होता ११:०६:४२:१५. अकरा दिवस, सहा तास. मी रोज रात्री बंद करणारी बाई आणि कॉम्प्युटर म्हणतोय, मी अकरा दिवस चालू आहे. सर्व्हिस सेंटरमधून आणल्यापासूनचे ते अकरा दिवस.

विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर आपले उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस जशाच्या तशा डिस्कवर उतरवून ठेवल्या जातात. सकाळी त्या तिथूनच उचलल्या जातात, नव्यानं सुरू होत नाहीत. म्हणून मी डिसेबल केलेली सर्व्हिस सकाळी चालूच सापडली, आणि 'पुढच्या रीस्टार्टला' निघणाऱ्या फायली निघाल्याच नव्हत्या. रीस्टार्ट मात्र खरोखर सगळं बंद करून नव्यानं सुरू करतं. इतकं साधं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाराशे रुपये घेणाऱ्यांनीही नाही.

मी त्याच क्षणी रीस्टार्ट केलं. डिस्क खाली आली, चाळीस, वीस, सहा. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

तरी तासाभरानं एक कोपऱ्यातली खिडकी उघडली, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३१२ त्रुटी आहेत." तिसरा दरवाजा राहिला होता. टास्क शेड्युलर उघडला, डावीकडे लायब्ररीवर क्लिक केलं, तिथं त्याच नावाचं काम लावलेलं, लॉगऑन झाल्यावर आणि मग दर तासाला. राइट क्लिक करून आधी डिसेबल केलं, दोन दिवस पाहिलं, मग डिलीट. तिथल्या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला मी हात लावला नाही, तुम्हीही लावू नका.

यातून क्रम ध्यानात ठेवा. आधी सर्व्हिस डिसेबल, मग अनइन्स्टॉल, मग लगेच रीस्टार्ट, आणि त्यानंतर शेड्युलर तपासायचा. मी आधी स्टार्टअपशीच झुंजत बसले आणि रीस्टार्ट केलंच नाही, म्हणून चार दिवस गेले. फास्ट स्टार्टअप मी आता बंदच केलंय. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण काय करतं त्या पानावर त्याची खूण काढता येते. खूण फिकी असेल तर वरची ओळ दाबून परवानगी द्यावी लागते.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती केंद्र चालवणाऱ्यांनी वाचाच. उत्साहाच्या भरात मी सर्व्हिसेसमध्ये अनोळखी वाटलेली चार नावं डिसेबल केली. त्यात अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस होती, म्हणजे ठसा आधारच्या पडताळणीसाठी सुरक्षित पाठवणारी. दुसऱ्या दिवशी एका आजींचा अंगठा घ्यायला गेले तर मशीनचा लाल दिवाच लागेना. अंगठ्यानं होणारी आधार पडताळणी त्या सर्व्हिसशिवाय होतच नाही. आजींना तासभर बसावं लागलं आणि तो दोष माझा होता. तेव्हापासून काहीही बंद करण्याआधी मी यादीचा मोबाइलवर फोटो काढते आणि एका दिवशी एकच गोष्ट बंद करते. बिघडलं तर कशानं ते कळतं.

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' नावाची ओळ डिस्क खाताना दिसली तर घाबरू नका, ते विंडोजचं स्वतःचं व्हायरसपासूनचं संरक्षण आहे. आपल्याकडे लोकांची कागदपत्रं असतात, ते बंद करण्याचा विचारही नको. अपडेट चालू असेल तेव्हाही डिस्क वर जाते, तेवढं होऊ द्यावं. मी आता ते दुपारी जेवायच्या वेळेला लावते.

क्रोमचं सांगायचं राहिलं. आपण खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टिम या भागात ती परवानगी असते, ती काढून टाकली. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतं, तेही.

एसएसडी, म्हणजे तबकडी न फिरणारी जलद डिस्क, बसवली तर फरक खूपच पडतो, हे मला मान्य आहे, आणि पैसे साठले की बसवणार आहे. पण त्या नोव्हेंबरात आणखी एक रुपया न घालता सुरू होण्याची वेळ बारा मिनिटांवरून साडेतीनवर आली आणि रिकाम्या मशीनची रॅम २.९ वरून १.८ जीबीवर.

गुरुजींना मी स्वतः फोन करून बोलावलं. अंगठा दुसऱ्या वेळी लागला आणि दाखल्याचा नंबर स्क्रीनवर आला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, चष्मा काढला आणि म्हणाले, "झालं? एवढ्यात?" परतीची अकराची एसटी त्यांना मिळाली.