तुम्ही विचारलंत म्हणून: नवा साप खात का नाही?

“साप आणून दहा दिवस झाले. उंदीर समोर धरला की तोंड फिरवतो. मरणार तर नाही ना?” साप पाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न हाच. त्यामागची काळजी खरी असते, म्हणून आधी धीराचं सांगते. सापाला अन्न जाळून अंग गरम ठेवावं लागत नाही, त्यामुळे आठवडा-दोन आठवड्यांचा उपास तो सहज काढतो. दीड किलोचा धडधाकट बॉल पायथन (घरी पाळला जाणारा एक लहान अजगर) महिनोन्‌महिने खात नाही आणि तरी त्याचं वजन फारसं उतरत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या ६-७ ग्रॅमच्या कॉर्न स्नेकच्या (हाही पाळला जाणारा बिनविषारी साप) पिल्लाकडे मात्र तेवढी शिल्लक नसते. म्हणजे काळजी किती करायची हे सापाच्या वजनावर ठरतं, आणि त्यासाठी घरात ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आणल्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. पुढची सगळी चर्चा त्या आकड्यावर उभी राहते.

इथे जे सांगते आहे ते कायद्याने पाळायला परवानगी असलेल्या, बंदिवासातच जन्मलेल्या सापांबद्दल आहे. रानातून पकडलेला साप अंगात जंत आणि मनात धसका घेऊन येतो आणि कित्येकदा खातच नाही. तो पाळूच नये.

साप घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं (छोटा उंदीर म्हणजे माउस, की मोठ्या जातीच्या उंदराचं, म्हणजे रॅटचं, पिल्लू), आणि ते जिवंत होतं की गोठवून वितळवलेलं. बॉल पायथन माउसवर वाढला असेल तर रॅटचा वास त्याला खाण्याचा वाटत नाही. समोर चांगलं धष्टपुष्ट रॅटचं पिल्लू असतं आणि साप त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिले तीन-चार घास जुन्या सवयीचेच द्या. बदल नंतर करता येतो. फार लहान पिल्लू असेल तर पहिली कात टाकली आहे का, हेही विचारा. तोवर पोटातल्या बलकावर त्याचं भागतं, आणि बहुतेक पिल्लं त्याआधी खात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. नवा साप खात नाही तेव्हा दोष बहुधा उंदरात नसतो, पेटीत असतो. गिळताना आणि त्यानंतर काही दिवस सापाला चपळाईने पळता येत नाही. जिथे धोका वाटतो तिथे तो पोट भरून घेणार नाही. शिवाय पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं, त्यामुळे अंग थंड असताना भूकही लागत नाही. म्हणून उंदीर वितळवण्याआधी पेटी तपासा. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ लागतं, हवेतला ओलावा साधारण ६० टक्के. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला २९-३० पुरे, थंड टोक २३-२४ चाललं. तापमान साप जिथे बसतो तिथे मोजा, म्हणजे लपायच्या जागेच्या आत, तळाशी. पेटीच्या काचेवर चिकटवलेला गोल तापमापक वरच्या हवेचं सांगतो, आणि तो आकडा बरोबर दिसतो म्हणून लोक आठवडेच्या आठवडे दुसरीकडेच कारण शोधत बसतात. गरम करणारी पट्टी असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उष्णता बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नका.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावं लागतं आणि तो बहुधा आडोसा निवडतो, मग पोट थंड राहतं. जागा तंग हवी. वेटोळं घातल्यावर अंग चहूबाजूंनी टेकलं पाहिजे. ऐसपैस गुहा आपल्याला छान वाटते, सापाला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. पेटी काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावा. मधली मोकळी जागा कृत्रिम पानांनी, सालींनी भरून टाका.

आणि मग ७ दिवस हात लावू नका. पाणी बदला, घाण काढा, झाकण लावा. सगळ्यांना हेच जड जातं, कारण नव्या सापाला बघावंसं, हातात घ्यावंसं वाटणारच. पण रोज बाहेर काढलेल्या सापाच्या लेखी तो रोज पकडला जातो आहे. डोळे दुधाळ-निळे दिसत असतील तर कात जवळ आली आहे. ती टाकेपर्यंत उंदीर देऊच नका.

आठव्या दिवशी संध्याकाळी तयारीला लागा. उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सगळ्यात जाड भागाएवढी, किंवा किंचित कमी. पिल्लांसाठी त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास धरा. नवा साप असेल तर पहिल्यांदा एक माप लहानच द्या, मोठ्या उंदराला बिचकणारे साप पुष्कळ. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. मग झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, हाताला चांगल्या गरम लागणाऱ्या पाण्यात, साधारण ४०-४५ अंशांच्या, १० ते १५ मिनिटं ठेवा. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. बाहेर काढल्यावर पोट बोटांनी दाबून बघा. आत कडक गोळा लागला तर अजून गोठलेलंच आहे. तसं दिलं तर साप ते उलटून टाकू शकतो. अंग कागदाने कोरडं करा आणि शेवटी डोकं तेवढं अर्धा मिनिट पुन्हा गरम करा.

डोकंच का? बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचांची रांग असते. अंधारात त्याला थंड जागेतला एक उबदार ठिपका ‘दिसतो’, आणि तो त्या ठिपक्यावर झेपावतो. डोकं गार आणि चिमट्यात धरलेलं ढुंगण गरम असेल तर तो चिमट्यावर येतो. कॉर्न स्नेकला अशा खाचा नसतात, तो जिभेने वास टिपतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत उष्णतेपेक्षा वास महत्त्वाचा.

खोलीतला दिवा मंद करा. किमान २५-३० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने उंदीर त्याच्या कमरेच्या मागच्या बाजूला धरा आणि लपायच्या जागेच्या तोंडाशी, बाजूने न्या. वरून कधीच नाही, वरून येतो तो शिकारी पक्षी. नाकावर आपटू नका. एका हाताच्या अंतरावर थोडं हलवा, थांबा, पुन्हा हलवा. आता सापाकडे नीट बघा. जीभ सावकाश, लांब बाहेर येऊन वरखाली होते आहे, डोकं उंदराच्या रोखाने स्थिर झालं आहे, मान मागे ओढली जाऊन इंग्रजी एससारखी वळली आहे, तर श्वास रोखून थांबा, झेप येणार. उलट मान झटक्याने मागे जाते, डोकं वेटोळ्यात शिरतं, तर तो घाबरला आहे. उंदीर एखाद्या बशीवर आडोशाच्या दारात ठेवा, पेटी झाका, दिवा घालवा आणि सकाळपर्यंत फिरकू नका. लाजाळू साप रात्री कोणी नसताना खातात. सकाळी उरलाच तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. वितळवायचं भांडं स्वयंपाकातलं वापरू नका, आणि हात साबणाने धुवा. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू उंदरातून आणि सापातूनही येतो.

नाही खाल्लं तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह आवरा. रोज नाकासमोर उंदीर नाचवला की साप त्या चिमट्यालाच धास्तावतो. पिल्लाला ५-७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी पुन्हा विचारा, आणि दर वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने जमलं ते कळत नाही. कॉर्न स्नेकच्या हट्टी पिल्लासाठी पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू, बिनवासाच्या साबणाने धुऊन, खळखळून, कोमट करून द्या. हवेची भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ओल्या कागदासह पिंकी आणि साप रात्रभर एकत्र ठेवले, तर कित्येक पिल्लं तिथे पहिला घास घेतात. डबा मात्र पेटीच्या उबदार, पण फार गरम नसलेल्या भागात ठेवायचा. तेही फसलं तर मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुईने छिद्र पाडून आतला द्रव त्या पिंकीच्याच नाकाला लावतात. ऐकायला किळसवाणं आहे, पण वासाने पिल्लू जागं होतं. बॉल पायथनसाठी उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा उंदरावर चोळणं हा सौम्य उपाय आधी करावा.

जिवंत उंदीर टाकून बघू का, असंही विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: नको. भूक नसलेला साप उंदराला अडवत नाही, आणि रात्रभर एकत्र राहिलेला रॅट सापाची पाठ हाडापर्यंत कुरतडू शकतो. तोंड उघडून बळजबरीने भरवणं तर पशुवैद्याच्या हाताशिवाय करूच नका, अन्ननलिका फाटते.

घाई कधी करायची? दर पंधरवड्याला वजन घ्या. रिकाम्या डब्याचा काटा शून्यावर आणून त्यात साप ठेवला की झालं. आणल्या दिवशीच्या वजनापेक्षा १० टक्के उतरलं, कणा वर दिसू लागला, नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, किंवा पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके म्हणजे उवांसारखे माइट तरंगताना दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे त्याच आठवड्यात जा. पूर्ण वाढलेला नर बॉल पायथन थंडीच्या महिन्यांत खाणं सोडतो. वजन टिकून असेल तर त्याला सोडू द्या.

खाल्ल्यावर निदान ४८ तास उचलू नका. हाताळल्याने किंवा थंडीने घास उलटला तर पोटातलं आम्ल आणि पाणीही जातं. मग दोन आठवडे काहीच न देता, तापमान तपासून, पुढचा उंदीर अर्ध्या मापाचा द्या. सगळं सुरळीत झालं तरी पहिल्या घासानंतर लगेच खेळवायला काढू नका. ओळीने तीन वेळा खाऊ द्या, आणि तिसऱ्या वेळेनंतरचे दोन दिवस सरले की मग पाच मिनिटांसाठी हातात घ्या.